वामनरावांचा निळा

नागपूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. शोभा,

दसऱ्याचं सोनं पाकिटात टाकलंय. सोबत तीन फोटो आहेत, ते आधी बाजूला ठेव आणि पत्र वाच, नाहीतर तू फोटो बघून पत्र विसरशील.

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल आपल्या खानदानात दोनच मतं चालत आली आहेत. एक, शेतावर जाऊन गड्यांवर ओरडावं. दोन, घरी बसून बायकोच्या फोडणीत नाक खुपसावं. पहिलं गुडघ्यांना झेपत नाही आणि दुसरं प्रेमिलाला. तेव्हा चिरंजीव सुशीलने पुण्याहून कॅमेरा पाठवला आणि मी फोटोग्राफी क्लबात नाव घातलं. दर रविवारी सकाळी जमतो. शिकवणारा धम्मानंद माझ्या सुशीलच्याच वयाचा आहे, पण मास्तर म्हणून कडक.

त्याने आम्हाला दर महिन्याला एक रंगसंगती धरायला सांगितलंय. पहिला महिना एकरंगी, म्हणजे एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा. मी इतवारीच्या भांडेबाजारात जाऊन पितळी घंगाळं काढली. दुसरा महिना शेजारचे रंग. पिवळा, नारिंगी, लाल, सगळे एका गल्लीतले, म्हणून मिरच्या आणि हळकुंडांची पोती. तिसरा समोरासमोरचे. रंगांचं एक चक्र असतं, त्यात निळ्याच्या बरोबर समोर नारिंगी बसतो आणि लालच्या समोर हिरवा. असे दोघे जवळ आले की दोघेही उठून दिसतात, जशा आपल्या दोन्ही काकू भांडताना दिसायच्या. त्यासाठी अमरावती रोडवरच्या वाडीत एका गोदामासमोर निळ्या ताडपत्रीवर सांडलेली संत्री मिळाली. नागपूरच्या माणसाने संत्री काढू नयेत असं धम्मानंद म्हणतो, पण ती सांडलीच होती, मी काय करणार?

तू मोबाईलवर फोटो बघत नाहीस म्हणून छापून पाठवलेत. खरं मत कळव.

तुझा,
वामनदादा

*

उमरेड,
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,

सोनं पोचलं. फोटोही पोचले.

मोबाईलवर फोटो का बघत नाही ते पुन्हा सांगते, म्हणजे वहिनींना वाटायला नको की नणंद अडाणी आहे. माझ्या मॅचिंग सेंटरमध्ये रोज कुणीतरी बाई येते, मोबाईल पुढे करते आणि म्हणते, "ताई, ह्या साडीवरचं ब्लाउजपीस द्या." तिच्या मोबाईलवर ती साडी गुलाबी असते, तिच्या जावेच्या मोबाईलवर राणी कलरची, आणि साडी घरून आणली की निघते डाळिंबी. मी सगळ्यांना परत पाठवते. कापड हातात पाहिजे आणि हात दुकानाच्या पायरीवर, उन्हात. तुझ्या छापलेल्या फोटोंचं मी तेच केलं.

संत्री फार ऐटीत बसली आहेत. ताडपत्री इतकी निळी मी जन्मात पाहिली नाही, पण वाडीच्या ट्रकवाल्यांचं काही सांगता येत नाही. घंगाळं पितळेची आहेत असं तू लिहिलंस म्हणून कळलं. मला वाटलं स्टीलची. छापणाऱ्याने काही गडबड केली असेल का, विचार त्याला.

भाऊबीजेला दोघंही या. कॅमेरा आणलास तरी चालेल, पण ओवाळताना गळ्यात नको.

शोभा

*

नागपूर,
११ नोव्हेंबर २०२४

चि. शोभा,

तुझे अनारसे संपले, प्रेमिलाने शेवटचा लपवून ठेवला होता तोही मला सापडला.

आता मोठी बातमी. जानेवारीत क्लबाचं प्रदर्शन आहे, विषय रंगसंगती, आणि दारातून आत शिरल्याबरोबर जी मोठी भिंत आहे ती मला मिळाली आहे. पाच फोटो, खाली माझं नाव. शोभा, पाटबंधारे खात्यात मी सगळी नोकरी घालवली, माझ्या नावाची साधी पाटी कधी दारावर लागली नाही, कारण खोलीत नेहमी तिघं बसायचो. म्हणून हे ऐकलं तेव्हा मला घरी येईपर्यंत स्कूटरचा गिअर बदलायचं सुचलं नाही.

छापणाऱ्याला तुझ्या सांगण्यावरून झापलं. तो म्हणाला, "काकाजी, तुम्ही जसा पाठवला तसाच छापला." धम्मानंदही म्हणतो की हा दोष नाही, ही माझी शैली आहे. फोटो काढल्यावर मी कॉम्प्युटरवर रंग नीट करतो, कारण हा कॅमेरा सगळं पिवळट काढतो. त्यातून जे उतरतं त्याला क्लबात आता ‘वामनरावांचा निळा’ म्हणतात. माझ्या नावाचा रंग, विचार कर.

भाऊबीजेला तुझ्या दुकानाचा काढलेला फोटो सोबत आहे. ब्लाउजपीसांची ती भिंत, फिक्यापासून गडदपर्यंत लावलेली. प्रदर्शनात तोच मधोमध लावणार आहे. प्रेमिलाचं मत विचारू नकोस. तिच्या लेखी फोटो म्हणजे माणसं रांगेत उभी असलेली, बाकी सगळा कागदाचा नाश.

वामनदादा

*

उमरेड,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

मोठी भिंत मिळाली, फार आनंद झाला. दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. एकीने तर विचारलं, कोणत्या रंगाची भिंत आहे, म्हणजे तशी साडी नेसून येते.

फोटो छान आहे. बारकाईने बघते आहे अजून.

एक काम कर माझं. लग्नसराई जवळ आली आणि मला इतवारीत यायला वेळ नाही. सोबत दोन चिंध्या पाठवते. एक वांगी रंगाची, दुसरी नेव्ही ब्ल्यू. नेव्ही ब्ल्यू नवऱ्या मुलीच्या आईच्या शालूची आहे, तेव्हा जपून. दोन्हीचं रुबियाचं कापड मॅच करून घे आणि पाठव. ट्यूबलाइटखाली घेऊ नकोस, पायरीवर आणून उजेडात बघ. तू आता रंगांचा माणूस आहेस, तुला काय सांगायचं.

शोभा

*

नागपूर,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. शोभा,

काम फत्ते. दोन्ही कापडं सोबत आहेत.

इतवारीत आज हातगाड्यांमुळे पाऊल ठेवायला जागा नव्हती, तरी तुझ्या हुकुमाप्रमाणे प्रत्येक ठाण पायरीवर आणून पाहिलं. दुकानातला अंकित नावाचा पोरगा म्हणतो, "काकाजी, हा मॅच नाही होऊन राहिला. दुसरा दाखवतो नं." मी म्हटलं, "बापू, मी रंगांचा अभ्यास करून राहिलो, तू मले शिकवतो काय?" त्याने कात्री उचलली. मग म्हणाला, "तुमची मर्जी." आजकालच्या पोरांना गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर भरवसा नाही.

मुलीच्या आईला माझा नमस्कार सांग.

वामनदादा

*

उमरेड,
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता सरळ लिहिते.

वांग्याच्या चिंधीला तू चॉकलेटी कापड पाठवलंस. नेव्ही ब्ल्यूला काळं. संक्रांत असती तर चाललं असतं, पण मुलीच्या आईने लग्नात काळं ब्लाउज घातलं तर विहिणी जन्मभर बोलतील. तो अंकित बरोबर होता.

काम मला करून घ्यायचं नव्हतं. मला बघायचं होतं. माझ्या दुकानाचा फोटो मी पायरीवर नेला आणि फोटोतल्या प्रत्येक छटेजवळ खरं कापड ठेवलं. माझा पांढरा रुबिया तुझ्या फोटोत नीळ घातल्यासारखा आहे. बदामी राखाडी झाला आहे. आणि तू म्हणतोस कॅमेरा पिवळट काढतो. दादा, कॅमेरा नाही, तू पिवळट बघतोस. तुला सगळं पिवळं दिसतं म्हणून तू वरून निळा ओततोस, आणि ओतून झाला की तुला ते बरोबर वाटतं.

माझ्या दुकानात साठीच्या बायका येतात. वांग्याला चॉकलेटी म्हणू लागल्या की मी कापड बदलून देत नाही, आधी डोळे तपासून यायला सांगते. बहुतेकींना मोतीबिंदू निघतो. तुझ्यासाठी वेगळा नियम कसा लावू? आणि तू त्याच डोळ्यांनी अमरावती रोडच्या ट्रकांमधून स्कूटर चालवतोस.

डॉक्टरकडे जा.

शोभा

*

नागपूर,
३ डिसेंबर २०२४

शोभा,

पत्र मिळालं.

ज्याने या विषयाचा रीतसर अभ्यास केला आहे तो धम्मानंद ज्याला शैली म्हणतो, त्याला ब्लाउजपीस विकणारी बाई आजार म्हणते. उभ्या आयुष्यात मला एक गोष्ट स्वतःची मिळाली, तर बहिणीने तिच्यावर औषध सुचवलं. चिंधीची परीक्षा घेतलीस हेही बरं केलंस, कळलं तरी.

माझे डोळे ठीक आहेत. भिंत माझी आहे.

वामन

*

उमरेड,
१० डिसेंबर २०२४

दादा,

ब्लाउजपीस विकणारी बाई आहेच मी. त्याचा राग नाही.

बाबांचा डोळा शिबिरातल्या ऑपरेशनमध्ये गेला तेव्हा तू त्यांना हाताला धरून घरी आणलंस. मी लहान होते, पण तू न्हाणीघरात जाऊन रडलास ते मला ऐकू आलं होतं. तेव्हापासून तू डोळ्याच्या डॉक्टरच्या पायरीवर चढला नाहीस, चष्म्याचा नंबरसुद्धा दुकानातच काढतोस. भिंत हातची जाईल याची भीती आहेच तुला, पण त्याच्या खाली ही भीती आहे. ती मला माहीत आहे, मला लाजू नकोस.

आता ते दिवस नाहीत. माझ्या किती गिऱ्हाइकिणी सकाळी ऑपरेशन करून दुपारी घरी येतात आणि आठवड्याने माझ्याशी भाव करायला हजर. मला माझा दादा धडधाकट पाहिजे. तुझं नाव भिंतीवर लागो न लागो, मला सारखंच.

दोन्ही चिंध्या आणि तुझी दोन्ही कापडं परत पाठवते. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ज्यांना तू मानतोस त्यांना दाखव.

शोभा

*

नागपूर,
२४ डिसेंबर २०२४

चि. शोभा,

हे पत्र मी उजव्या डोळ्याने लिहितो आहे. डावा उगाच बघायला बसलाय.

तुझं पाकीट आलं त्या रविवारी मी चिंध्या आणि कापडं खिशात घालून क्लबात गेलो. गच्चीत सगळ्यांना उन्हात उभं केलं आणि विचारलं, "हे दोन सारखे आहेत का?" इतकी माणसं आणि सगळी आपापल्या चपलांकडे बघत होती. शेवटी धम्मानंद म्हणाला, "काका, एक जांभळट आहे अन् एक चॉकलेटी. तुमाले दिसत नाही का?" मला दिसत नव्हतं. मी फार घाबरलो शोभा. तिथल्या तिथे सुशीलला फोन लावला, आणि त्याने पुण्याहून येऊन मला जवळजवळ उचलून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत आहे, उजवा आधी करू.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. मी बाबांचं नाव घेत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, झालं.

पट्टी काढल्यावर पहिली पाहिली ती आमच्या बैठकीची भिंत. वर्षभर मी प्रेमिलाच्या मागे लागलो होतो की घर पिवळं पडलं, रंग काढू. भिंत पांढरीशुभ्र आहे. रंगाऱ्याला मी चार शिव्या दिल्या होत्या त्या परत घेतल्या. मग कॉम्प्युटर उघडला. माझी संत्री, माझी घंगाळं, तुझं दुकान. सगळी जणू नीळ टाकलेल्या बादलीतून काढली होती. याच्याखाली माझं नाव लागणार होतं. तुला जे लिहिलं होतं त्याची लाज वाटली. माफ कर.

धम्मानंदला सांगितलं, भिंत दुसऱ्याला दे. पण त्याच दिवशी चहा पिताना मला एक गंमत सापडली. उजवा डोळा मिटला की सगळी खोली चहात बुडते. डावा मिटला की स्वच्छ. एकच खोली, दोन रंगांची. डाव्याची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. मी डॉक्टरांना म्हटलं, हा मोतीबिंदू मला प्रदर्शनापर्यंत वापरायचा आहे. त्या आधी हसल्या, मग तपासून म्हणाल्या की तेवढ्याने बिघडत नाही, पण तोवर स्कूटर बंद.

तर असं चाललंय. उजव्यावर रुमाल बांधून डाव्या डोळ्याला बरोबर वाटेल तसा एक फोटो करतो, मग तोच फोटो कोरा घेऊन उजव्याने. पाच फोटोंच्या पाच जोड्या. प्रेमिला म्हणते, "डोळ्याले बांधून आंधळी कोशिंबीर खेळून राहिले का?"

दादा

*

उमरेड,
३० डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं आणि एका बाईला मोरपंखीऐवजी रामा ग्रीन दिला. ती परत आली तेव्हा भावाचा डोळा वाचला म्हणून सांगितलं. तिने पेढे मागितले.

माफीबिफी काही नको.

एक सुचवते. फोटोंखाली डावा-उजवा लिहू नकोस. मी दुकानात कधी आधी सांगत नाही, हा वांगी आणि हा चॉकलेटी. आधी विचारते, तुम्हाला कोणता खरा वाटतो? लोकांना बघू दे, सांगू दे, मग तू सांग.

मला मात्र येता येणार नाही. संक्रांत झाली की लग्नं सुरू, आणि उमरेडच्या सगळ्या नवऱ्यामुलींच्या मावश्या एकाच शनिवारी येतात. तू सगळं सविस्तर लिही.

शोभा

*

नागपूर,
२१ जानेवारी २०२५

चि. शोभा,

प्रदर्शन झालं. सविस्तर लिहितो, तू दुकान बंद करूनच वाच.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पाच जोड्या लावल्या आणि वर एवढंच लिहिलं: ‘दोन्हींपैकी खरा कोणता?’ खाली माझं नाव, ठळक. लोक दारातून आत आले की तिथेच अडकायचे. पोरंटोरं पटकन सांगायची. नवरा-बायकोंची भांडणं व्हायची. एक गृहस्थ पाचही वेळा निळ्याला खरा म्हणाले, मग त्यांच्या सुनेने त्यांना बाजूला नेलं. ‘वामनरावांचा निळा’ अजून माझाच आहे, फक्त आता मला ठाऊक आहे की तो कुठून आला.

दुपारी प्रेमिला आली. नवी साडी, डब्यात सगळ्या क्लबासाठी तिळाच्या वड्या. मी तिला भिंतीसमोर उभं केलं. म्हटलं, सांग, खरा कोणता? तिने क्षणभरही विचार केला नाही. संत्र्यांच्या जोडीतल्या निळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा तं सरळ सरळ खरा आहे. बाजूच्यावर कोणी चहा सांडवला का?"

मला वाटलं चेष्टा करते आहे. मग घंगाळं. निळा. मग मिरच्या. निळा. तुझं दुकान, आणि शेवटचा वाडीचा ट्रक. पाचही निळे, आणि पाचही वेळा अगदी ठाम. वर मला म्हणाली, "एवढं सोपं काहून ठेवलं? लोकाईले थोडं डोकं चालवाले देत जा."

धम्मानंद माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या वेळी मला कळलं की नोव्हेंबरात तुझे कसे दिवस गेले असतील. समोरचं आपलं माणूस इतक्या भरवशाने चुकीचं बोट ठेवतं आणि आपल्याला ते सांगायचं असतं. मी तुला दोन पत्रं फाडायला लावली. मला तर फाडायला कागदही नव्हता.

बाहेर रिक्षाची वाट बघत होतो तेव्हा सांगून टाकलं. आधी चिडली. "माझे डोळे चांगले आहेत. तुमचं निघालं म्हणून सगळ्या घराचं काढता का?" मी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच विचारलं, "दुखते का?"

"नाही."

"मंग डोळे साफ झाले की तुम्ही मले येगळे दिसान?"

मी म्हटलं, थोडा वेगळा दिसेन. माझ्या तोंडावर काय काय आहे ते मलाच आत्ता आरशात कळलंय, तुला एकदम कळेल.

"अन् नाही आवडले तं?"

मी म्हटलं, कापलेलं कापड परत घेत नाहीत, माझ्या बहिणीला विचार. ती हसली, पण हात माझ्या हातावरच ठेवला आणि घरी येईपर्यंत काढला नाही. शोभा, माझं तिच्यावर फार प्रेम आहे, हे मी एवढ्या संसारात कुणाला बोललो नव्हतो, तुला लिहितो.

काल दोघंही डॉक्टरकडे जाऊन आलो. दोघांनाही पुढच्या आठवड्यातलाच दिवस मिळाला, माझा डावा आणि तिचा उजवा. सुशील येतोय. डॉक्टरांना मी एकच विनंती केली आहे, की तिची पट्टी सुटेल तेव्हा तिच्यासमोर सगळ्यांत आधी मला उभं राहू द्या. त्या हो म्हणाल्या.

हो म्हटल्यापासून मात्र माझी झोप उडाली आहे. माझ्या ऑपरेशनच्या टेबलावर इतकी धाकधूक नव्हती. त्या दिवशी कोणत्या रंगाचा शर्ट घालू, ते तेवढं कळव.

तुझा,
वामनदादा